डॉ. अलेक्झांडर गिब्सन : देवीच्या लशीपासून दापोडीच्या बागेपर्यंत

जुन्या सांगवीतून पवना नदीवरील पूल ओलांडला की दापोडी लागते. लोहमार्ग, मुंबई-पुणे रस्ता, कारखाने आणि दाट वस्ती हे तिचे आजचे रूप. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र याच दापोडीत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होते आणि त्याला लागून सरकारी वनस्पती उद्यान होते. १८३८ ते १८४७ या काळात या उद्यानाची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याच्या हाती होती. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक त्यांना 'बॉम्बे फ्लोरा' या ग्रंथाचे सहलेखक म्हणून ओळखतात, तर वनखात्याच्या इतिहासात मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नोंद आहे. परंतु झाडापेडांच्या या संसारात पडण्यापूर्वी गिब्सन यांच्याकडे दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याच्या कामाची जबाबदारी होती. त्यांच्या चरित्रातील हा भाग सहसा एका ओळीत आटोपला जातो. ज्या शत्रूशी त्यांची गाठ होती, त्याची खरी ओळख विज्ञानाला पटायला त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षे जावी लागली, हे लक्षात घेतले तर ती एक ओळ फार अपुरी वाटते.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याकडील किनकार्डिनशायर परगण्यात, लॉरेन्सकर्क येथे झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी एडिनबर्ग येथे घेतले. त्या काळी बहुतेक औषधे वनस्पतींपासूनच तयार होत असल्याने वैद्यकीच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे. एडिनबर्गमधून बाहेर पडलेल्या अनेक तरुण डॉक्टरांनी ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी पत्करली, तशी गिब्सन यांनीही पत्करली आणि १८२५ साली ते सहायक शल्यवैद्य म्हणून मुंबई इलाख्यात रुजू झाले. कंपनीच्या डॉक्टरांकडून केवळ औषधोपचाराचीच अपेक्षा नसे. हवामानाच्या नोंदी, पिके, खनिजे, लाकूड अशा अनेक गोष्टींची माहिती त्यांच्याकडून घेतली जाई. गिब्सन यांनी हिंदुस्थानी, मराठी आणि गुजराती या भाषा शिकून घेतल्या. पुढे ज्या कामासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागले, त्या कामात औषधाच्या पेटीपेक्षा भाषाच अधिक उपयोगी पडणारी होती.

त्या काळचा महाराष्ट्र देवीच्या रोगाला किती सरावलेला होता, याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे. या रोगाला आपल्या भाषेने रोगाचे नाव दिलेच नाही. घरात देवी आल्या, असेच म्हणायचे. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागत, स्वयंपाकघरातील फोडणी बंद होई, शीतलादेवीला नवस बोलले जात आणि अंगावरील फोड कोरडे होऊन खपल्या पडेपर्यंत घरात दबक्या आवाजात वावर चाले. लागण झालेल्या दहांपैकी साधारण तिघे दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर व्रण कायमचे राहत, कित्येकांची दृष्टी जाई. मात्र एकदा देवी येऊन गेलेला माणूस पुन्हा त्या रोगाने आजारी पडत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. उत्तरेत आणि बंगालमध्ये या अनुभवाचा उपयोग करून घेणारे टीकादार होते. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी मुलाच्या कातडीखाली घालून ते सौम्य स्वरूपाच्या देवी आणवत. उपाय गुणकारी होता, पण त्यात मूल दगावण्याची जोखीम होती आणि त्या मुलापासून इतरांना खऱ्या देवी होण्याचीही भीती होती.

इंग्लंडमधील खेडेगावात वैद्यकी करणारे एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवींचा द्रव टोचला. पुढे माणसाच्या देवींचा द्रव टोचूनही त्या मुलाला रोग झाला नाही. ही लस हिंदुस्थानात आणणे सोपे नव्हते, कारण समुद्रप्रवासाच्या उष्ण हवेत ती निकामी होई. अखेर व्हिएन्नातील डॉ. जाँ द कारो यांच्या प्रयत्नांतून ती बगदाद आणि बसरामार्गे मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि यशस्वी झाली. हिंदुस्थानात यशस्वीपणे लस टोचली गेलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव इतर मुलांना टोचला गेला, त्यांच्या दंडावरून आणखी पुढच्यांना, आणि अशा रीतीने ही साखळी देशभर पसरली. बाटली नाही, शीतपेटी नाही. लस साठवण्याचे पात्र म्हणजे मुलाचा दंड.

ही साखळी खंडित न होऊ देणे हेच लस टोचणाऱ्या खात्याचे मुख्य काम होते. १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याने यासाठी एक नवी पद्धत घालून दिली. इलाख्याचे भाग पाडून प्रत्येक भागावर एक युरोपीय डॉक्टर अधीक्षक नेमायचा आणि त्याच्या हाताखाली फिरते देशी टोचणारे ठेवायचे, अशी ती व्यवस्था होती. टोचणाऱ्याने गावोगाव जाऊन लस द्यायची आणि अधीक्षकाने मागाहून जाऊन दंडावरचे वण तपासायचे. वैद्यकीय सेवा रुग्णालयाच्या दारात बसून न राहता गावापर्यंत नेण्याचा हा आपल्याकडील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता. १८३० च्या दशकात दख्खन आणि खानदेशचे हे काम गिब्सन यांच्याकडे आले.

या जबाबदारीचा आवाका पाहिला तर तिचे स्वरूप ध्यानात येते. सह्याद्रीच्या कड्यापासून तापीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला प्रदेश, रस्ते नावापुरते, पावसाळ्यात नद्यांना पूर आणि उन्हाळ्यात लस मरून जाण्याइतकी उष्णता. त्यामुळे टोचणीचा हंगाम मुख्यतः थंडीचाच. लस जिवंत ठेवायची तर आठवडाभरापूर्वी टोचलेले मूल पुढच्या गावी न्यावे लागे किंवा त्याच्या दंडावरचा द्रव ताजा असतानाच इतरांना टोचावा लागे. आपल्या मुलाचा फोड फोडून त्यातील द्रव परक्याच्या मुलाला द्यायचा, ही कल्पनाच आईबापांना सहन होत नसे. अमुक जातीच्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात नको, हा आक्षेप तर सर्वत्रच होता. त्यातच हे काम करणारे सरकार परके. टोचणारे गावात आले की मुले लपवली जात. या भीतीत निव्वळ अज्ञान होते असेही म्हणता येत नाही. दंडावरून दंडावर लस देण्याच्या पद्धतीत इतर रोगही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होते आणि युरोपातही याच कारणावरून तिला विरोध होत होता.

गावकरी टोचणाऱ्यापासून मुले लपवत होते आणि त्याच वेळी रोगाचा विषाणू मुलाच्या शरीरात शरीराच्या पहारेकऱ्यांपासून स्वतःला लपवत होता. ही दुसरी लपाछपी गिब्सन यांना दिसणे शक्यच नव्हते. विषाणू ही कल्पनाच त्या वेळी अस्तित्वात नव्हती. देवी एकदा होऊन गेल्यावर पुन्हा का होत नाहीत आणि गाईच्या देवींनी माणसाच्या देवींपासून संरक्षण का मिळते, या दोन्ही प्रश्नांवर अनुभवापलीकडे कोणाकडेच उत्तर नव्हते. ते उत्तर आज बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहे आणि त्याखेरीज गिब्सन यांच्या कामाचे मोल समजत नाही.

देवीचा विषाणू विषाणूंच्या जगातील एक मोठा आणि गुंतागुंतीचा जीव आहे. त्याच्या जनुकसंचात सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरे आणि २०० च्या आसपास जनुके आहेत. डीएनए असलेले बहुतेक विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरून तेथील यंत्रसामग्री वापरतात. देवीच्या कुळातील विषाणू मात्र केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात आपला स्वतंत्र कारखाना थाटतात आणि त्यासाठी लागणारी बरीचशी अवजारे बरोबरच आणतात. त्यांच्या जनुकसंचाच्या मधल्या भागात वाढीसाठी आवश्यक अशी जनुके असतात. दोन्ही टोकांकडील जनुकांचे काम वेगळे असते. यजमानाच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला फसवणे, हे ते काम.

ही फसवणूक अनेक पातळ्यांवर चालते. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडते. शेजारच्या पेशींना सावध करणारी ती दवंडीच असते. देवीच्या कुळातील विषाणू पेशीबाहेर अशी प्रथिने सोडतात, जी या इंटरफेरॉनला वाटेतच पकडतात, आणि दवंडी शेजाऱ्यांच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. दाह निर्माण करून पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या इतर संदेशवाहकांसाठीही त्यांनी असेच सापळे तयार ठेवलेले असतात. पेशीच्या आत आणखी एक पहारा असतो. विषाणूच्या वाढीत दुपदरी आरएनए तयार होतो आणि तो दिसताच पेशी स्वतःचे प्रथिननिर्मितीचे काम बंद पाडते. स्वतःचे नुकसान झाले तरी चालेल, पण विषाणूला माल मिळू द्यायचा नाही, हा त्यामागील हिशेब. विषाणूचे एक प्रथिन हा आरएनए झाकून ठेवते, तर दुसरे पेशीच्याच एका प्रथिनाची नक्कल करून पहारेकऱ्याला भलत्याच कामात गुंतवते. नक्कल, सापळा आणि पांघरूण, अशा तिन्ही प्रकारांनी हा गनिमी कावा चालतो.

याचा परिणाम रोगाच्या क्रमात स्पष्ट दिसतो. देवीची लागण झाल्यानंतर साधारण १० ते १४ दिवस रोग्याला काहीच जाणवत नसे. तो शेतात जाई, बाजारात फिरे, जेवे, झोपे. तेवढ्या वेळात विषाणू श्वसनमार्गातून लसिकाग्रंथींत आणि तेथून सर्व शरीरात पसरून वाढलेला असे. ताप चढून पुरळ उठेपर्यंत लढाईचा बराचसा भाग विषाणूने जिंकलेला असे. लस याच ठिकाणी उपयोगी पडते. आधी टोचून घेतलेल्या शरीरात प्रतिपिंडे आणि स्मृती असलेल्या पेशी तयारच असतात. पहिली दवंडी दाबून टाकण्याचा डाव तेथे फारसा चालत नाही, कारण सैन्य जागेच असते. लागण होऊन गेल्यावर तीन-चार दिवसांच्या आत लस टोचली तरी रोग टळे किंवा सौम्य होई. विषाणूची गुप्त वाटचाल सुरू असतानाच लस त्वचेतून उघडपणे शरीराला जागे करीत असे.

येथे एक प्रश्न उरतो. लशीतील विषाणूही याच कुळातील, त्याच्याकडेही फसवणुकीची बहुतेक हत्यारे आहेत. मग तो मुलाच्या दंडावर एक फोड उठवून का थांबतो आणि देवीचा विषाणू जीव का घेतो? याचे एक उत्तर रक्तातील 'कॉम्प्लिमेंट' नावाच्या प्रथिनांच्या साखळीत सापडते. शरीरात शिरलेल्या परक्या कणावर ही प्रथिने चिकटतात, त्याला भोके पाडतात आणि भक्षक पेशींना खूण करून देतात. शरीराच्या स्वतःच्या पेशींवर हा हल्ला होऊ नये म्हणून त्यांच्यावर संरक्षक प्रथिने असतात. देवीच्या कुळातील विषाणूंनी नेमक्या याच संरक्षक प्रथिनांसारखे प्रथिन बनवण्याची विद्या साधली आहे. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी देवीच्या विषाणूचे असे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून लशीतील विषाणूच्या प्रथिनाशी त्याची तुलना केली. दोहोंत फरक होता केवळ ११ अमिनो आम्लांचा. परंतु माणसाच्या कॉम्प्लिमेंट साखळीतील मुख्य घटक निकामी करण्याच्या बाबतीत देवीच्या विषाणूचे प्रथिन जवळजवळ शंभर पटींनी अधिक प्रभावी ठरले. देवीच्या विषाणूचे पांघरूण माणसाच्या मापाने शिवलेले होते आणि लशीतील विषाणूचे तितके नव्हते.

या संशोधनाचा पुढचा अध्याय गणेशखिंडीत लिहिला गेला. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. अरविंद साहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ११ फरकांचा एकेक करून छडा लावला आणि त्यांतील मोजक्याच जागांमुळे देवीच्या विषाणूला माणसावर एवढी पकड मिळते, हे दाखवून दिले. लशीतील विषाणूच्या प्रथिनात त्या जागी बदल केला की तेही माणसाच्या यंत्रणेवर कितीतरी अधिक जोर करू लागते. दोनशे वर्षांपूर्वी मुलाच्या दंडावर लस टोचताना यश आणि मृत्यू यांच्यातील अंतर काही अंशी अशा मोजक्या बदलांवर अवलंबून होते.

गिब्सन यांच्या आयुष्याचे पुढचे वळण याच परिसरात आले. दापोडीत पेशव्यांच्या पदरी असलेल्या पलटणीचा तळ होता आणि तिचा प्रमुख कॅप्टन फोर्ड याने तेथे बंगला बांधला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत हीच पलटण दापोडीहून जाऊन इंग्रजांना मिळाली. पेशवाई बुडाल्यावर गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हा बंगला सरकारसाठी घेतला आणि १८२८ साली त्याच्या आवारात वनस्पती उद्यान सुरू केले. विल्यमसन आणि चार्ल्स लश या दोन डॉक्टरांनंतर १८३८ मध्ये ते गिब्सन यांच्याकडे आले. त्यांनी या बागेला शोभेपेक्षा उपयोगाचे वळण दिले. सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या औषधी वनस्पती येथे आणि जुन्नरजवळील हिवरे येथील बागेत वाढवून त्यांपासून तयार झालेली औषधे सरकारी भांडाराला पुरवली जात. विलायतेहून महागडी औषधे आणण्याऐवजी ती येथेच पिकवावीत, हा विचार टोचणीसाठी मुलूख पालथा घातलेल्या डॉक्टरला सुचावा यात नवल नाही.

या बागेने मागे ठेवलेला सर्वांत सुंदर वारसा म्हणजे 'दापुरी चित्रे'. गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून येथील वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिनबर्गच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याच्या हातांनी ती काढली, त्या चित्रकाराचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही. गावोगाव पायपीट करणाऱ्या देशी टोचणाऱ्यांच्या वाट्यालाही हेच आले. साहेबाचे नाव उरले, त्याच्या हाताखालच्यांचे नाही.

१८४७ साली मुंबई इलाख्याने स्वतंत्र वनखाते निर्माण केले आणि गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरउतारावरील झाडी नाहीशी झाली की ओढे आणि झरे आटतात, याकडे त्यांनी कोकण आणि घाटमाथ्याच्या उदाहरणांवरून सरकारचे लक्ष वेधले होते. हवा, पाणी आणि झाडी यांचा संबंध जोडून पाहणाऱ्या त्या काळच्या डॉक्टरांमध्ये त्यांचा समावेश होतो. जंगलांचे वार्षिक अहवाल, लाकूडतोडीचे नियम, लागवड ही कामे त्यांनी १८६० पर्यंत केली. या कामगिरीला दुसरी बाजूही आहे. कंपनीला जहाजांसाठी सागवान हवे होते आणि डोंगरातील फिरत्या शेतीवर घातलेली बंधने तेथील आदिवासींच्या पोटावर आली. जंगल राखण्याच्या धोरणातून सरकारची मालकी पक्की होत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहणारे लोक तेथे परके ठरत गेले. गिब्सन यांच्या दूरदृष्टीचे कौतुक करताना हा हिशेब विसरता येणार नाही.

१८६१ साली निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध झाला. पश्चिम भारतातील वनस्पतींचा हा आरंभीचा पद्धतशीर ग्रंथ. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या 'हॅबेनेरिया गिब्सनाय' या आमरीच्या शास्त्रीय नावात गिब्सन आजही आहेत. १८६३ मध्ये त्यांचे मुंबई इलाख्यातील जंगलांविषयीचे माहितीपुस्तक निघाले आणि १६ जानेवारी १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास गव्हर्नरांचा मुक्काम दापोडीहून गणेशखिंडीला हलला. दापोडीची बागही मोडीत निघाली आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवे वनस्पती उद्यान उभे राहिले. ते आजही आहे.

लशीची साखळी मात्र तुटली नाही. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने मुलांना लस टोचणे सक्तीचे झाले. मुलांच्या दंडाऐवजी वासरांच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत आली आणि दंडावरून दंडावर लस देण्यातील धोका संपला. बेळगावच्या टिळकवाडीतील 'व्हॅक्सिन डेपो' हे नाव त्या काळाची आठवण जागवते. विसाव्या शतकात आणखी एक आश्चर्य उघड झाले. १९३९ साली ब्रिटनमधील अॅलन डाउनी यांनी दाखवले की, वापरात असलेल्या लशीतील विषाणू गाईच्या देवींच्या विषाणूहून वेगळाच आहे. तो घोड्याच्या देवींच्या विषाणूला अधिक जवळचा असल्याचे आज मानले जाते. म्हणजे दीडशे वर्षे माणसाने ज्या मित्राच्या बळावर शत्रूला रोखले, त्या मित्राचे कूळही त्याला नीट माहीत नव्हते. भारताने १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदवला गेला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

एवढा धूर्त विषाणू हरला कसा, याचे उत्तर त्याच्या धूर्तपणातच दडलेले आहे. देवीच्या विषाणूने आपली सारी हत्यारे माणसासाठी घासूनपुसून घेतली होती. त्या ओघात इतर प्राण्यांत तग धरण्याची त्याची क्षमता गेली. गाईच्या देवींच्या विषाणूकडे फसवणुकीची जनुके त्याच्याहून अधिक आहेत आणि तो उंदीर-घुशींपासून मांजरांपर्यंत अनेकांत राहू शकतो. देवीच्या विषाणूला माणसाखेरीज दुसरे घर नव्हते. प्रत्येक रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचली की त्याला जायला वाट उरत नसे. गाव न गाव धुंडाळून, टोचलेल्यांच्या दंडावरचे वण तपासण्याची जी पद्धत मुंबई इलाख्याने १८२७ पासून राबवली, तिचेच अधिक काटेकोर रूप १९७० च्या दशकातील शोधमोहिमेत दिसते.

देवी गेल्या, पण त्यांचे कूळ संपलेले नाही. २००९ साली सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींच्या देवींची साथ आली आणि धारा काढणाऱ्यांच्या हातांवरही फोड उठले. हा विषाणू लशीतील विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. २०२२ मध्ये मंकीपॉक्स, म्हणजेच आताचा एमपॉक्स, भारतात पोहोचला तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांची खात्री पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केली. त्याच वर्षी लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातील गोठे हवालदिल केले. गाई-बैलांना तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. एका प्राण्याच्या देवींनी दुसऱ्याचे रक्षण करण्याचे जेन्नर यांचेच तत्त्व, गोठ्यात. लम्पीवरील स्वदेशी लस बनवण्याचे काम ज्या सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे देण्यात आले, ती सांगवीला लागून असलेल्या औंधमध्येच आहे.

१९८० नंतर जन्मलेल्या पिढ्यांच्या दंडावर देवीचा वण नाही. देवीची लस बंद झाल्याने या कुळातील इतर विषाणूंविरुद्ध तिच्यामुळे मिळणारे संरक्षणही ओसरत चालले आहे. म्हणून या विषाणूंच्या लपण्याच्या युक्त्या समजून घेणे ही केवळ प्रयोगशाळेतील हौस राहिलेली नाही. कोणती लस टिकेल, कोणते औषध लागू पडेल आणि प्राण्यांतील कोणता विषाणू उद्या माणसाच्या मापाचे पांघरूण शिवून घेईल, हे त्यावरून ठरणार आहे.

गिब्सन यांना यातले काही ठाऊक नव्हते. लस का काम करते हे न कळताही ती पोहोचवण्याची व्यवस्था त्यांनी सांभाळली. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जाणारी साखळी हंगामामागून हंगाम जिवंत ठेवणे, लोकांचा अविश्वास त्यांच्याच भाषेत बोलून कमी करणे आणि टोचलेल्या प्रत्येक मुलाकडे वण पाहण्यासाठी पुन्हा जाणे, असे हे काम होते. त्याला शास्त्रीय शोधाचा मान मिळत नाही. शोध मात्र अशाच कामाच्या आधाराने माणसांपर्यंत पोहोचतात. दापोडीची बाग गेली, बंगल्याचे वैभव गेले, गव्हर्नरही गेले. पवनेच्या दोन्ही काठांवरील आजच्या दाट वस्तीत देवीने अंध झालेले मूल शोधूनही सापडत नाही. अनेक ज्ञात-अज्ञात टोचणाऱ्यांच्या या पुण्याईत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचाही वाटा आहे.